दहांतला एक : 'डेसिमेट' या शब्दाविषयी थोडेसे

एखाद्या परक्या शब्दाशी आपली खरी ओळख कोशात होत नाही. ती होते आपण तो चुकीच्या ठिकाणी वापरतो तेव्हा. 'डेसिमेट' या इंग्रजी शब्दाशी माझी ओळख अशीच झाली. ती कशी झाली हे आधी सांगतो, आणि मग त्या शब्दाकडे वळतो.

२०२२ साली लम्पी या चर्मरोगाने महाराष्ट्रातील गाईबैलांना ग्रासले होते. त्या वर्षीचे आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबीर अशाच एका गावी होते. मी तेव्हा प्रथम वर्षात शिकत होतो. श्रमदान, ग्रामस्वच्छता, पाहणी असे नेहमीचे कार्यक्रम चालू असताना एक काम माझ्या वाट्याला आले. गावाच्या एका वस्तीवर बरीच जनावरे दगावली होती. शहरातील एका संस्थेकडे त्यांच्यासाठी मदतीचा अर्ज पाठवावयाचा होता, आणि तो इंग्रजीत हवा होता. इंग्रजी घेऊन पदवी करण्याचा माझा विचार सर्वांना ठाऊक असल्याने लेखणी माझ्या हाती आली.

वस्तीवर कोणालाही विचारले तरी एकच उत्तर मिळे : "पार वाटोळं झालं." या 'वाटोळे होण्या'ला साजेसा भारदस्त इंग्रजी शब्द मला हवा होता. इंग्रजी वर्तमानपत्रात वाचलेला 'डेसिमेट' मला आठवला. वस्तीवरील गोधन रोगाने 'डेसिमेट' झाले आहे, असे वाक्य मी लिहिले आणि मोठ्या समाधानाने कागद आमच्या सरांपुढे ठेवला.

सरांनी त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारले, "हा शब्द कुठून आणलास?"

"वर्तमानपत्रातून, सर."

"अर्थ काय याचा?"

"पुष्कळ जनावरे मेली, सर."

"पुष्कळ म्हणजे किती?"

मला उत्तर देता येईना. सर हसले आणि म्हणाले, "अरे, या शब्दाच्या पोटातच एक आकडा आहे. तो आधी कोशात पाहा. आणि मग वस्तीवर जाऊन जनावरे मोजून ये."

पुढे मी केले ते याच क्रमाने. म्हणून या लेखाचा क्रमही तोच ठेवतो.

शब्दाच्या पोटातील आकडा

लॅटिन भाषेत 'डेकेम' म्हणजे दहा. आपला 'दश' आणि हा 'डेकेम' एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाचे वंशज होत. 'डेकिमुस' म्हणजे दहावा, आणि त्यावरून झालेले क्रियापद 'डेकिमारे', म्हणजे दहावा काढणे. इंग्रजीतील 'डेसिमेट' हे त्याचेच रूप. 'डेसिमल' म्हणजे दशमान आणि 'डिसेंबर' म्हणजे जुन्या रोमन पंचांगातील दहावा महिना ही त्याची सख्खी भावंडे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्या 'दशमान'चा आणि या विनाशवाचक शब्दाचा असा जवळचा संबंध असेल, असे मला पूर्वी कोणी सांगितले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

पण 'दहावा काढणे' आणि विनाश यांचा संबंध काय? तो रोमन सैन्याच्या शिस्तीत सापडतो. एखाद्या पलटणीने रणांगणातून पळ काढला किंवा बंड केले, तर सर्वांनाच मारणे सेनापतीला परवडत नसे. आणि सर्वांना सोडले तर शिस्त उरत नसे. यावर रोमनांनी एक उपाय काढला होता. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने त्याचे वर्णन केले आहे. अपराधी पलटणीतून साधारण दहा टक्के सैनिक चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि त्यांना निर्दयपणे ठेचून मारले जाई. उरलेल्यांना गव्हाऐवजी जवाचे धान्य मिळे आणि छावणीच्या तटाबाहेर, असुरक्षित जागी, मुक्काम करावा लागे.

या शिक्षेतील भीषणता नेमकी कोठे आहे, याचा विचार वाचकांनी करावा. मरणारा सर्वांत मोठा अपराधी असे, असे नाही. कदाचित पळ काढताना तो सर्वांत मागे राहिला असेल. त्याचा अपराध एवढाच की चिठ्ठी त्याच्या नावावर निघाली. शिक्षा एकाला होती, पण ती दहा जणांसाठी होती. उरलेल्या नऊ जणांना जन्मभर जगावयाचे होते ते 'आपण का वाचलो' या प्रश्नासह.

रोमच्या इतिहासात या शिक्षेची अनेक उदाहरणे आहेत. लिव्ही या इतिहासकाराने इ. स. पू. ४७१ मधील एक प्रसंग दिला आहे. पुढे ही प्रथा मागे पडली होती. ती स्पार्टाकसच्या गुलामांच्या बंडाच्या वेळी, इ. स. पू. ७१ च्या सुमारास, क्रॅससने पुन्हा उकरून काढली. प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे, शस्त्रे टाकून पळालेल्यांपैकी ५०० सैनिक निवडून त्यांचे दहा-दहांचे ५० गट करण्यात आले आणि प्रत्येक गटातून एकाला सर्व सैन्यादेखत मारण्यात आले. आणि हे सारे प्राचीन काळाबरोबर संपले असेही नाही. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१७ मध्ये, इटलीच्या कातान्झारो ब्रिगेडमध्ये बंड झाले, तेव्हा काही सैनिकांना चिठ्ठ्या टाकूनच गोळ्या घालण्यात आल्या होत्या.

कर आणि कत्तल

या शब्दाला दुसराही एक, तुलनेने सौम्य, अर्थ होता : उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेणे. युरोपातील चर्च शेतकऱ्याकडून धान्याचा दशमांश घेत असे. त्यालाही लॅटिनमध्ये 'डेकिमारे' हेच क्रियापद होते. इंग्लंडात १६५५ साली क्रॉम्वेलच्या राजवटीने पराभूत राजपक्षीयांवर, ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मालमत्ता असणाऱ्यांवर, उत्पन्नाच्या दशमांशाचा कर बसविला. त्याला 'डेसिमेशन' हेच नाव होते.

येथे मराठी वाचकाला स्वाभाविकच आपला इतिहास आठवेल. मराठ्यांच्या हक्कांत चौथाईच्या जोडीला सरदेशमुखी होती, आणि सरदेशमुखी म्हणजे महसुलाचा दहावा हिस्सा. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांत हा हक्क होता. म्हणजे 'दहावा काढणे' हा व्यवहार आपल्याकडेही होता; मात्र त्यापासून विनाशवाचक क्रियापद आपण बनविले नाही. आपल्याकडे तो हक्क राहिला; रोमनांकडे तो हक्कही होता आणि मरणही.

अर्थ फुगला, वाद पेटला

इंग्रजीत हा शब्द इ. स. १६०० च्या सुमारास रोमन शिक्षेचे वर्णन करण्यासाठी आला. पण त्याच शतकात त्याचा अर्थ सैल होऊ लागला. रोगाने, युद्धाने, दुष्काळाने एखाद्या समूहाचा मोठा भाग नष्ट झाला की त्याला 'डेसिमेट' म्हणू लागले. यावर १८७० साली रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने कडक आक्षेप घेतला. अमेरिकन यादवी युद्धाच्या वार्ताहरांनी मोठ्या मनुष्यहानीसाठी हा शब्द सर्रास वापरला होता, ते त्याला रुचले नव्हते. १९२६ साली फाउलरने आपल्या शब्दप्रयोगांच्या प्रसिद्ध कोशात मध्यम मार्ग सुचविला : सैल अर्थ आता रूढ झाला आहे, तो चालेल, परंतु मूळ अर्थाशी उघड उघड भांडेल असा आकडा त्याच्या शेजारी बसवू नये.

आता प्रश्न असा, की मूळ अर्थाचा हट्ट धरणारे बरोबर की चूक? भाषाशास्त्राच्या तासाला आपण 'अर्थविस्तार' शिकतो. 'तैल' म्हणजे तिळाचा रस. पण आज आपण शेंगदाण्याचे तेल, खोबऱ्याचे तेल, इतकेच काय, जमिनीतून निघणारे खनिज तेलही बिनदिक्कत म्हणतो. 'प्रवीण' हा मुळात वीणावादनात निष्णात. आज माणूस स्वयंपाकातही प्रवीण असतो. डिसेंबर बारावा महिना झाला म्हणून त्याचे नाव बदला, असे कोणी म्हणत नाही. तेव्हा 'डेसिमेट' म्हणजे बरोबर दहा टक्केच, असा आग्रह आज धरणे म्हणजे तिळाशिवाय तेल नाही असे म्हणण्यासारखे आहे. आजचे बहुतेक इंग्रजी कोश सैल अर्थच प्रथम देतात.

एवढे झाल्यावर वाद मिटावयास हवा. पण माझ्या मनात तो मिटला नाही. कारण 'तेल' शब्दाचा अर्थ पसरला तरी शेंगदाण्याच्या तेलाची बाटली तिळाच्या तेलाची म्हणून कोणी घेत नाही. 'डेसिमेट'मध्ये मात्र मोजमापच हरवते. एक वाचक दहांत एक गेला असे समजतो, दुसरा दहांत नऊ गेले असे समजतो, आणि लिहिणाऱ्याने तर काहीच मोजलेले नसते.

एक गेला की एक उरला?

याची तीन उदाहरणे देतो.

इ. स. १३४७ ते १३५१ या काळात युरोपात प्लेगची महाभयंकर साथ आली. तिच्यात युरोपची निदान एक तृतीयांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली असे मानले जाते. या साथीला 'डेसिमेट' म्हटले तर मूळ अर्थाने ते तिपटीहून कमी पडते.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा घ्या. भारतात त्याचे बळी १ कोटी २० लाख ते २ कोटी असावेत असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे की ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटल्याचे जनगणनेत दिसते. एवढा हाहाकार उडाला, आणि तरीही ते प्रमाण लोकसंख्येच्या दशमांशापर्यंत पोचत नाही. म्हणजे मूळ अर्थाने तेथे 'डेसिमेट' हा शब्द अधिकच ठरतो! 'दहांत फक्त एक' असे आपण सहज म्हणतो, पण दहांत एक हे प्रमाण किती भयंकर आहे ते येथे कळते.

तिसरे उदाहरण गिधाडांचे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसात राहिला, ते मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले, आणि १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. इंग्रजी लेखनात याही घटनेला 'डेसिमेट' म्हटलेले आढळते. येथे दहांतला एक गेला नाही. दहांतला एकही उरला नाही. हजारांत एक उरला. शब्द तोच, आणि अर्थ बरोबर उलटा.

शेजारचे शब्द

मग 'डेसिमेट' नको तर कोणता शब्द घ्यावा? इंग्रजीत विनाशाचे शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात एक वेगळे चित्र आहे. 'डिस्ट्रॉय' म्हणजे मुळात रचलेले मोडणे. 'रुइन'मध्ये कोसळण्याची कल्पना आहे. 'डेव्हस्टेट' म्हणजे ओसाड करणे. 'ॲनायहिलेट' म्हणजे काहीही न उरू देणे, शून्यावर आणणे. 'एक्स्टर्मिनेट' म्हणजे मुळात हद्दीबाहेर हाकलणे. 'डेसिमेट' या सर्वांहून वेगळा, कारण तो एकट्या वस्तूला लागूच पडत नाही. त्याला समूह लागतो.

आणि मराठीची श्रीमंती पाहावी. 'नाश' या शब्दाच्या मुळाशी नाहीसे होणे आहे. 'विध्वंस' तुकडे होऊन पडलेल्या गोष्टीचा. म्हणून मंदिराचा विध्वंस होतो, पिकाचा होत नाही. 'संहार' म्हणजे मुळात एकत्र ओढून घेणे, आवरणे. 'वेणीसंहार' नाटकात वेणी कापलेली नाही, बांधलेली आहे, हे संस्कृतच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. 'वाताहत' म्हणजे वाऱ्याचा तडाखा बसून पांगापांग झालेली. 'नामशेष' म्हणजे ज्याचे नावच तेवढे उरले आहे ते. आणि मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटणारा शब्द 'बेचिराख' : फारसी 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावावयास कोणी नाही ते गाव बेचिराख. या शब्दात राख आहे असे समजून आपण तो आगीशी जोडतो. वस्तुतः त्यात आग नाही, अंधार आहे.

हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कोसळलेल्या इमारतीला नामशेष म्हणता येईल ते तिचे दगडही गेल्यावर. पुरात पांगलेल्या कुटुंबाची वाताहत होते, विध्वंस होत नाही.

वापरासंबंधी चार गोष्टी

परीक्षेच्या दृष्टीने सहाध्यायांना उपयोगी पडाव्यात म्हणून चार सूचना लिहितो.

पहिली : 'डेसिमेट'चे कर्म नेहमी मोजता येणारा समूह असावा, सैन्य, कळप, लोकसंख्या, जंगलातील झाडे. एक घर किंवा एक माणूस 'डेसिमेट' होत नाही.

दुसरी : त्याच्या शेजारी 'संपूर्ण' अशा अर्थाचे क्रियाविशेषण घालू नये. ज्यातले काही उरते तेच 'डेसिमेट' होते.

तिसरी : त्याच वाक्यात निराळी टक्केवारी देऊ नये. ऐंशी टक्के मेले असतील तर 'ऐंशी टक्के मेले' एवढेच पुरे.

चौथी : लहान हानीसाठी त्याचा ढोल वाजवू नये. क्रीडावृत्तांत दुखापतींनी संघ 'डेसिमेट' झाल्याचे वाचावयास मिळते. क्रिकेटच्या अकरा खेळाडूंतला एक जायबंदी झाला असेल, तर गणिताने ते जवळजवळ बरोबर आहे. पण वार्ताहराच्या मनात ते गणित असते असे वाटत नाही.

पुन्हा वस्तीवर

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी वही घेऊन वस्तीवर गेलो आणि घरोघर फिरून मोजले. रोग येण्यापूर्वी गाई, बैल, वासरे मिळून ८१ जनावरे होती. त्यांतली ८ दगावली होती. मी तेथेच बांधावर बसून हिशेब केला. दहा टक्क्यांना किंचित कमी! म्हणजे अज्ञानाने वापरलेला माझा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन सेनापतीलाही मान्य व्हावा इतका अचूक निघाला होता. मला मोठी गंमत वाटली, आणि आता सरांना काय सांगावयाचे याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

पण अजून एक घर राहिले होते. तेथे एक आजी होत्या. त्यांच्याकडे एकच बैलजोडी होती; त्यांतला एक बैल गेला होता. मी वहीत 'एक' असे लिहिले आणि उठू लागलो, तेव्हा त्या गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यो ऱ्हायलेला बी लिव्ह की. येका बैलानं नांगर वढतुय व्हय, बाळा?"

मी गोठ्यात पाहिले. उरलेला बैल धडधाकट होता, आणि निरुपयोगी होता. सावडीने कोणाचा तरी बैल मिळाला तर पेरणी, नाहीतर रान पडीक. माझ्या हिशेबात त्या घरचा एक बैल मेला होता. त्यांच्या हिशेबात जोडी मेली होती, आणि जोडीबरोबर त्या वर्षीची शेती.

तेव्हा मला तो शब्द खऱ्या अर्थाने कळला. रोमन सैनिकांच्या दहा जणांच्या गटातून एक गेला, म्हणजे नऊ तसेच राहिले असे नव्हे. चिठ्ठी कोणाच्या दारी निघेल याला नियम नसतो. पण ज्याच्या दारी निघते त्याच्या घरी ती दशमांश नसते, पूर्णांक असते. आणि उरलेल्यांनाही ती पूर्वीसारखे राहू देत नाही. 'डेसिमेट' हा शब्द किती मेले हे सांगण्यास निकामी झाला असेल. उरलेल्यांकडे पाहा, ही त्याच्या पोटातील सूचना मात्र अजून जिवंत आहे.

रात्री मी अर्ज पुन्हा लिहिला. 'डेसिमेट' काढून टाकला. त्याच्या जागी साधी यादी केली : कोणते घर, किती जनावरे होती, किती गेली, काय उरले, आणि उरलेल्यावर काम चालते की नाही. आजींच्या घरापुढे लिहिले : बैल दोन, गेला एक, उरला एक, नांगरट बंद. सरांनी तो वाचला आणि एकाही शब्दाखाली रेघ न ओढता परत दिला. एवढी शाबासकी मला पुढे कोणत्याही परीक्षेत मिळाली नाही.

जनावरे दगावलेली घरे पाच होती. संस्थेने त्यांपैकी दोन घरांना मदत दिली. आजींचे घर त्या दोनांत होते. हे यादीमुळेच घडले असे मी म्हणणार नाही. पण माझ्या पहिल्या अर्जात त्या आजी कोठेच नव्हत्या, एवढे मात्र खरे.

सध्या मी एम. ए. च्या वर्गात आहे. भारदस्त शब्दांचा मोह अजून सुटलेला नाही, हे या लेखावरून वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. मात्र विनाशाचा कोणताही शब्द लिहिण्याआधी हात क्षणभर थांबतो आणि सरांचा प्रश्न ऐकू येतो : "पुष्कळ म्हणजे किती?" आणि त्याच्या पाठोपाठ आजींचाही.